आणे-पैच्या हिशोबातून मला समच्छेद समजला

भरतीच्या तयारीत बाकीचं गणित जमत होतं, पण अपूर्णांकांची बेरीज आली की पेन थांबायचं. क्लासमध्ये तिरक्या गुणाकाराची ट्रिक दिली होती (खाली दोन्ही छेदांचा गुणाकार, वर प्रत्येक अंश गुणिले दुसऱ्याचा छेद, मग बेरीज), त्यानं उत्तर यायचं, पण ते का येते हे कोणी सांगितलं नाही आणि मला कारण कळल्याशिवाय काही लक्षातच राहत नाही.

मग वावराच्या हिस्स्यासाठी घरातले जुने कागद काढले. 1957 ला दशमान नाणी आली, हा कागद त्याच्याही आधीचा, त्यामुळं हिस्से आणे-पैमध्ये लिहिलेले. एका नावापुढं 5 आणे 4 पै, दुसऱ्यापुढं 4 आणे. मी आबांना विचारलं. आबा चौथीपर्यंतच शिकलेले, पण पावकी-पाऊणकी (पाव-पाऊणचे पाढे) आजही तोंडपाठ. म्हणाले, "रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. पुरं वावर म्हंजे एकशे ब्याण्णव पै. त्याचा तिसरा हिस्सा चौसष्ट, चौथा अठ्ठेचाळीस. आता कर बेरीज, त्याले काय लागते?"

5 आणे 4 पै म्हणजे 64 आणि 4 आणे म्हणजे 48, झाले 112 पै. मी तेच वहीत मांडलं, 1/3 + 1/4, म्हणजे 4/12 + 3/12, उत्तर 7/12. आता 192 चा बारावा भाग 16, आणि सात वेळा 16 म्हणजे 112. तंतोतंत! तिसरा हिस्सा आणि चौथा हिस्सा सारख्या मापाचे नसतात म्हणून ते थेट मिळवता येत नाहीत, दोघांचे आधी एकाच मापाचे तुकडे पाडावे लागतात, समच्छेद म्हणजे एवढंच. आबा ते पैमध्ये करतात, मी बाराव्या भागात केलं.

यानंतर लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) आणि मसावि (महत्तम सामाईक विभाजक) पुन्हा काढून बसले. 5/12 + 7/18 घ्या. ट्रिकनं छेद येतो 216, अंश 90 + 84 = 174, आणि मग 174/216 ला 6 नं भागत बसायचं तेव्हा 29/36 मिळते. तो 6 कुठून आला? 12 म्हणजे 2×2×3, 18 म्हणजे 2×3×3, दोघांत सामाईक एक 2 आणि एक 3, म्हणजे मसावि 6. ट्रिकमध्ये हा सामाईक भाग दोनदा मोजला जातो म्हणून छेद सहापट फुगतो. एकदाच मोजला की 2×2×3×3 = 36, हाच लसावि, मग 15/36 + 14/36, आकडे लहान आणि काम लवकर. मला तर हे कळल्यावर इतका आनंद झाला की रात्री बहिणीला उठवून दाखवलं.

परीक्षेला बसणाऱ्यांना एकच सांगते, छेद पाहिले की आधी सामाईक अवयव शोधा. 8 आणि 15 सारखी जोडी असेल, ज्यात 1 सोडून सामाईक काहीच नाही, तर लसावि सरळ गुणाकारच म्हणजे 120, तिथं ट्रिक बिनधास्त वापरा.