दोन ओळींच्या पत्रासाठी तेवीस दिवस

व्हिएन्नाच्या परिषदेहून परत येऊन दोन महिने झाले, पण व्हिसासाठी जिथे पत्र मागत उभी राहिले त्या कॉलेजच्या आस्थापना विभागाच्या खिडकीसमोरून जाताना अजून पोटात खड्डा पडतो. भूशास्त्रात पीएच.डी. करत करत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलामुलींनी हे जरूर वाचावं. नाशिकमध्येच माझ्यासारखे बरेच आहेत.

इगतपुरीहून कसारा घाट उतरताना काळ्या बसाल्टच्या थरांमध्ये विटकरी मातीचे पट्टे दिसतात, तो माझा विषय. लाव्हाचा एक प्रवाह थंडावला आणि दुसरा त्याच्यावर यायच्या आधी जो काळ गेला, त्याची खूण त्या मातीत राहते. जवळपास ६.६ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. हे काम युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या व्हिएन्नातल्या वार्षिक सभेत मांडावं असं मार्गदर्शकांनी सुचवलं. शेवटची पदवी मिळून सात वर्षं झाली नसतील किंवा अजून शिकत असाल, तर तिथे तुमची गणना नवोदित शास्त्रज्ञांत होते आणि आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो. मदत हवी असेल तर गोषवारा इतरांच्या आधी पाठवावा लागतो, ती तारीख चुकवू नका. मी पाठवला, निवड झाली. एवढं सगळं घरी बसून, लॅपटॉपवर.

मग व्हिसाच्या कागदांच्या यादीत एक ओळ आली: नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत पत्र.

कॉलेजात गेले. खिडकीतले भाऊ म्हणाले, "मॅडम, तुम्ही सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. तुम्हाला रजाच लागू नाही, मग ना हरकत कशाची द्यायची?" मी म्हटलं, मी इथेच शिकवते, हे तरी लिहून द्या. तर त्यासाठी ओ.एस. साहेबांची, म्हणजे कार्यालय अधीक्षकांची टिप्पणी हवी, आणि साहेब नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायलींत. चार दिवसांनी भेटले. म्हणाले, "तुम्ही संशोधन जिथे करता तिथून आणा." संशोधन केंद्रात गेले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "पगार देतात त्यांनी द्यायला हवं." तासाचा हिशेब मांडून मिळणाऱ्या मानधनाला पगार म्हणायला कॉलेज तयार नव्हतं आणि केंद्र तर तोच शब्द धरून बसलं होतं. या दोन टेबलांमध्ये मी सहा फेऱ्या मारल्या. रोज सकाळी साडेसातचा तास घ्यायचा आणि अकराला खिडकी उघडली की पुन्हा उभं राहायचं.

मला राग कुणा एका माणसाचा नाही. माझं काम परक्या देशातल्या लोकांनी वाचून पसंत केलं. ज्या वर्गात मी तीन वर्षं खनिजं शिकवते, तिथल्या कार्यालयाला मात्र मी कोण, हे लिहिता येत नव्हतं. याचं वाईट वाटतं, अजून वाटतं.

वाट दाखवली ती आमच्या विभागप्रमुखांनी. "अर्जात 'ना हरकत' हा शब्दच नको," ते म्हणाले. मी घरी बसून इंग्रजीत दोनच वाक्यं लिहिली: संबंधित अध्यापिका चालू शैक्षणिक वर्षात तासिका तत्त्वावर अध्यापन करतात, परिषदेच्या काळात त्यांच्या तासिकांची पर्यायी व्यवस्था केली आहे. सोबत परिषदेचं निवडपत्र जोडलं आणि थेट प्राचार्यांसमोर ठेवलं. त्यांनी वाचलं, विषय विचारला, सही केली. पाच मिनिटं लागली. मी बाहेर येऊन जिन्यावरच बसले.

पण तो शुक्रवार होता आणि गोल शिक्का कपाटात. सोमवारी शिक्का आणि जावक क्रमांक मिळाला, मंगळवारी पहाटे पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला गेले, व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले. जावक क्रमांक आणि तारीख असल्याशिवाय पत्र घेऊन हलू नका. संशोधन केंद्राचं बोनाफाईड वेगळं घ्या, ते लगेच मिळतं आणि दोन्ही मिळून फाईल भक्कम दिसते.

आणखी आठवतंय ते सांगते. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा निवडीची ईमेल आली त्याच दिवशी पत्राच्या मागे लागा. मी "अजून वेळ आहे" म्हणत दोन आठवडे घालवले होते. लेकरासाठी मध्ये रजा घेतली असेल तर सात वर्षांच्या मर्यादेत प्रत्येक मुलामागे एक वर्षापर्यंत सूट मिळते, ही गोष्ट आपल्याकडच्या मुलींना कुणी सांगत नाही. परिषदेत काम पोस्टरवर मांडणार असाल तर ते कापडावर छापून घ्या, घडी घालून हातातल्या बॅगेत मावतं.

त्या दोन वाक्यांचा मसुदा आता विभागातल्या कॉम्प्युटरवर ठेवला आहे. मागच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या भूगोल विभागातली एक मुलगी तो घेऊन गेली, तिचं पत्र तिसऱ्या दिवशी झालं.