करालवदना आणि स्मेरानना, चेहरा एकच

दक्षिणकाली या कालीच्या रूपाची मूर्ती करायची ठरवली तेव्हा एकही चित्र समोर ठेवायचं नाही, एवढं पक्कं होतं. हाताशी फक्त ‘करालवदनां घोरां’ने सुरू होणारं ध्यान, म्हणजे देवीचं रूप सांगणारे श्लोक, आणि संस्कृत शब्दकोश.

पहिला आठवडा समास सोडवण्यातच गेला. ‘सद्यश्छिन्नशिरःखड्गवामाधोर्ध्वकराम्बुजाम्’: आधी शिर, मग खड्ग, आधी अधः, मग ऊर्ध्व. म्हणजे नुकतंच छाटलेलं मस्तक डाव्या खालच्या हातात आणि खड्ग डाव्या वरच्या. मी तर तारेच्या सांगाड्यात सवयीने खड्गासाठी उजवा हात उचलून ठेवला होता! उजवे दोन्ही हात अभय आणि वरद मुद्रेचे. सांगाडा मोडून पुन्हा वळला. केससुद्धा ‘दक्षिणव्यापि’, उजवीकडे मोकळे सुटलेले.

ध्यान मापं सांगत नाही, ती शिल्पशास्त्रातून घेतली. नवताल, म्हणजे 12 अंगुळांचा एक ताल याप्रमाणे 108 अंगुळं. अंगुळ 5 मिलिमीटरचं धरलं, मूर्ती 54 सेंटिमीटरची झाली. मुंडमाळेत मुंडकी किती, हेही श्लोकात नाही. वर्णमालेच्या 50 अक्षरांची परंपरा मला जवळची वाटली. प्रेतांच्या हातांची मेखला, म्हणजे कमरपट्टा, मात्र ओल्या फडक्याखाली ठेवतच करावी लागली, बोटं सुकून तुटत होती.

खरा कस लागला चेहऱ्यावर. ‘करालास्या’ (भयंकर मुखाची), ‘दन्तुरा’ (पुढे आलेल्या दातांची) म्हणणारं ध्यान तिलाच ‘हसन्मुखी’ म्हणतं, आणि शेवटी ‘सुखप्रसन्नवदना’, ‘स्मेरानना’ (हसऱ्या चेहऱ्याची). भुवया आवळल्या तर ती नुसती रागावलेली दिसू लागली. डोळे किंचित मिटून हसू आणावं, तर तिन्ही डोळे ‘बालार्कमण्डलाकार’, उगवत्या सूर्यबिंबासारखे गोल हवेत. चार वेळा चेहरा खरवडला. शेवटी कपाळावरची प्रत्येक आठी काढली, गाल वर उचलले. उग्रपणा फक्त सुळ्यांत आणि ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून ओघळणाऱ्या रक्ताच्या रेषांत ठेवला. तेव्हा कुठे अभयमुद्रा जागेवर बसली. तोवर तो हात ‘थांब’ म्हणतोय असं वाटायचं. आता धाक वाटत होता, तरी जवळ जावंसं वाटत होतं.

जीभ मी बाहेर काढलेली नाही. या ध्यानात तिचा उल्लेखच नाही. बघायला येणारा प्रत्येक जण आधी तीच शोधतो, आणि मी त्याला श्लोक पहिल्यापासून म्हणून दाखवते.