मुनिनचा मास्टर नव्या यंत्रावर : जुन्या नोंदींसकट

घरच्या यंत्रांवर नजर ठेवायला मी मुनिन वापरतो. हा प्रोग्राम यंत्रांचे आकडे गोळा करून आलेख काढतो. त्याचा मास्टर, म्हणजे सगळ्यांचे आकडे गोळा करणारा भाग, जुन्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावरून मिनी पीसीवर हलवला, तोही सगळा टर्मिनलवरून. याच कामाची प्रोमिथियस आणि ग्राफाना ही जोडी ताकदीची आहे, पण तीन-चार यंत्रांसाठी मला मुनिनच पटतं. पॅकेज थेट डेबियन या लिनक्सच्या रिपॉझिटरीतून येतं, सुरक्षेचे अपडेट बाकी सिस्टिमबरोबरच मिळतात आणि आत काय चाललंय ते शेलमधून उघड दिसतं.

पॅकेजं दोन. मास्टरसाठी मुनिन आणि प्रत्येक यंत्रावर मुनिन-नोड, म्हणजे मास्टरला आकडे देणारा भाग. अ‍ॅप्टला आधी मायनस एस (नुसती रंगीत तालीम) देऊन सोबत काय काय येणार ते पाहून घ्या. नको असलेली शिफारशीची पॅकेजं नो-इन्स्टॉल-रेकमेंड्सने टाळता येतात. इन्स्टॉल झाल्यावर डीपीकेजी मायनस मोठा एल चालवा, म्हणजे कुठली फाइल कुठे बसली ते कळतं.

खरी मजा प्लगइनमध्ये, म्हणजे एकेक आकडा मोजणाऱ्या छोट्या प्रोग्रामांमध्ये आहे. सगळे प्लगइन यूएसआर-शेअरखालच्या मुनिनच्या फोल्डरात असतात, आणि चालू ठेवायचे त्यांचे फक्त सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणाऱ्या लिंक) ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरात. लिंक काढली की प्लगइन बंद. मुनिन-नोड-कॉन्फिगरला सजेस्ट दिलं की या यंत्रावर कोणते प्लगइन चालतील ते तो सांगतो. शेल हा पर्याय दिला तर लिंक करायच्या कमांड नुसत्या छापतो, चालवत नाही. त्या वाचून पटल्या तरच चालवायला एसएचकडे, म्हणजे शेलकडे, पाइप करायच्या. मग नोड रीस्टार्ट.

प्लगइन तपासायचा तर मुनिन-रननेच. फाइल थेट चालवली तर ती तुमच्या युजरने चालते. मुनिन-रन मात्र कॉन्फिगमधला युजर आणि एन्व्हायर्नमेंट लावतो. हार्ड डिस्कचं तापमान वाचणाऱ्या प्लगइनला रूटचे अधिकार लागतात, तिथे हा फरक लगेच दिसतो.

नोड पोर्ट ४९४९ वर साध्या मजकुरात बोलतो. नेटकॅटने जोडून लिस्ट लिहा, मग फेच आणि प्लगइनचं नाव. आकडे समोर येतात. इतका पारदर्शक प्रोटोकॉल मला फार मोलाचा वाटतो. कोणाला जोडू द्यायचं ते सांगणाऱ्या नोडच्या अलाऊ ओळीत रेग्युलर एक्स्प्रेशन असतं आणि त्यात टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, म्हणून मास्टरच्या आयपीतल्या प्रत्येक टिंबाआधी बॅकस्लॅश हवा. सीआयडीआर-अलाऊ वापरलं तर नेहमीच्या पद्धतीने पत्ता लिहिता येतो.

आता जुन्या नोंदी. मुनिन दर ५ मिनिटांनी आकडे गोळा करून आरआरडी या ठरावीक आकाराच्या फाइलींत ठेवतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये ५ मिनिटांचे आकडे २ दिवस टिकतात, अर्ध्या तासाचे ९ दिवस, २ तासांचे ४५ दिवस आणि दिवसाचे ४५० दिवस. फाइलचा आकार वाढत नाही, आणि गेल्या उन्हाळ्यातलं तापमान यंदाच्याशी ताडून पाहता येतं. म्हणूनच हा साठा मला सोडायचा नव्हता.

पण आरआरडी फाइल प्रोसेसरच्या रचनेला बांधलेली असते. पाय ३२ बिटांचा, पीसी ६४ बिटांचा. नुसती कॉपी केलेली फाइल तिथे उघडत नाही. त्यामुळे दोन्हीकडचा मुनिनचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) थांबवला, पायवर प्रत्येक फाइल आरआरडीटूल डंपने एक्सएमएल या साध्या मजकुराच्या रूपात काढली, एससीपीने नेटवर्कवरून नेली, पीसीवर रिस्टोअर केली आणि मालकी मुनिन युजरला दिली. फाइलच्या मार्गात ग्रुप आणि होस्टचं नाव असतं, म्हणून नव्या मुनिन-कॉन्फमध्येही तीच नावं अक्षरशः तशीच ठेवली. नाव बदललं तर मुनिन नवी फाइल उघडतो आणि आलेख शून्यापासून सुरू होतो.

क्रॉन सुरू केल्यावर वर्षाच्या आलेखात मधली छोटी फट सोडता रेघ सलग आली. पायवरचं मुनिन रिमूव्ह केलंय, पर्ज (सेटिंगसकट पुसणं) अजून नाही. एक्सएमएल फाइलींचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर गेला की तेही करेन. त्यानंतर फायरवॉलमध्ये ४९४९ फक्त मास्टरसाठी उघडा ठेवायचाय आणि यूपीएसचा प्लगइन जोडायचाय. कोणी आरआरडी फाइली एआरएमवरून, म्हणजे पायसारख्या प्रोसेसरवरून, अशाच हलवल्या असतील तर तुमची स्क्रिप्ट पाहायला आवडेल.