रेशनकार्डावरचं नाव

रविवार, रात्र

आज आमच्या सलोखा कमिटीच्या मीटिंगला सतरा जण होते. बालवाडीच्या खोलीत सतरंजी, कोपऱ्यात चहाचा थर्मास. विषय नेहमीचाच, विसर्जनाच्या आणि ईदच्या मिरवणुकीत कोणी कुठल्या नाक्यावर उभं राहायचं. हे आता आम्हाला जमतं. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईत ईदचा जुलूस दुसऱ्या दिवशी निघाला. आमच्या गल्लीत दोन्ही दिवस सरबताचं टेबल लागलं होतं.

यादी झाली आणि खालांनी पिशवीतून जुनं रेशनकार्ड काढलं. घड्यांवर फाटलेलं, चिकटपट्टी पिवळी पडलेली. चौथ्या ओळीत त्यांच्या धाकट्या भावाचं नाव. जानेवारी १९९३ मध्ये, मुंबईच्या दंगलीत, तो कामावरून निघाला तो घरी पोचलाच नाही. खाला रत्नागिरीकडच्या, माझ्याशी मराठीतच बोलतात. म्हणाल्या, "नाव कमी करायचं तर मयताचा दाखला लागतो. मयत कुणी बघितलाय?" सात वर्षं पत्ता लागला नाही की कायदा माणूस गेला असं धरतो. खालांनी अजून धरलेलं नाही. त्यांचं मागणं एवढंच, शाळेतल्या मुलांसमोर एकदा हे बोलू द्या.

एक काका लगेच म्हणाले, "खाला, खपली कशाला काढायची आता?" आणि पाठोपाठ, "मग डोंगरीत माथाडी मारले तेही सांगा. राधाबाई चाळीचंही सांगा."

त्या दोन्ही ठिकाणी त्याच दंगलीत हिंदू मारले गेले होते. सांगायलाच हवं. त्यांचं काहीच चुकलं नाही. पण ते सांगण्यासाठी निघालं नव्हतं, खालांना गप्प करण्यासाठी निघालं होतं, आणि त्या गप्प झाल्याही. दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात दोन्हीकडचे मृत आहेत, ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. अहवाल १९९८ पासून पडून आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भरपाईचा विषय काढला, तेव्हा बेपत्ता १६८ जणांपैकी १०८ जणांच्या घरी काहीच पोचलेलं नव्हतं. तीस वर्षं झाली होती. ज्यांना कुणी काही विचारलंच नाही, त्यांना आम्ही महिन्याच्या महिन्याला सलोख्याला बोलावतो. माझा जीव इथेच अडकतो.

दंगलीच्या वेळी मी सतरा वर्षांची होते, जोगेश्वरीत. समोरच्या खोलीतल्यांनी दंगलीनंतर पंधरा दिवसांत सामान टेम्पोत भरलं, मुंब्र्याला गेले. शिलाई मशीन शेवटी चढवलं, त्याचा पाय दाराच्या चौकटीला अडकला. आम्ही सगळे गॅलरीत उभे होतो. कुणी कुणाला मारलं नव्हतं आमच्या चाळीत. पण "जाऊ नका" असंही कुणी म्हटलं नाही. मीही नाही. त्या घरातली मुलगी माझ्या वर्गात होती.

तेव्हा नळ तरी एक होता. पाण्यावरून भांडताना समोरच्या बाईचं नाव, तिच्या पोरांची नावं तोंडात यायची. आता त्या जागी टॉवर झालेत, आणि शाळासुद्धा वाटल्या गेल्या. आमच्या पोरांना पलीकडच्या वस्तीची ओळख व्हॉट्सअ‍ॅपवरच्या व्हिडिओतून होते. ती ओळख मीटिंगमध्ये येऊन बसणाऱ्या सतरा जणांनी कशी पुसायची? त्यातल्या अकरांचे तर केस पांढरे झालेत.

शेवटी विषय पुढच्या महिन्यावर ढकलला. मीटिंग संपल्यावर रिक्षा स्टँडपर्यंत खालांबरोबर गेले. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालत त्यांनी विचारलं, "पुढच्या वेळी आणू का नको?"

"आणा," म्हटलं.

उद्या सकाळी काकांच्या घरी जाणार आहे. डोंगरीत मारल्या गेलेल्या माथाडींमधला एक त्यांचा गाववाला होता, असं ते निघताना जिन्यात हळूच बोलले. इतकी वर्षं एका सतरंजीवर बसतोय आम्ही. त्याचं नाव मी त्यांना कधी विचारलेलं नाही.