आकडे चांगले होते, तिथेच शंका आली

हेपजी2 या यकृताच्या कर्करोगाच्या पेशींची प्लेट वाचून झाली तेव्हा सगळे खूश होते. एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारा कण, त्यात भरलेलं पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचं औषध पेशींत भरपूर उतरलं होतं. मग प्लेटमधल्या स्पर्धेच्या वेलचे (खळग्यांचे) आकडे आले. तिथे औषध न भरलेलं साधं एलडीएल वीसपट घातलं होतं. त्याने पेशीवरचे एलडीएल पकडणारे रिसेप्टर अडवायला हवे होते, औषधाचा आकडा कोसळायला हवा होता. तो हललाच नाही.

पेशी आदल्या दिवसापासून लिपोप्रोटीन काढलेल्या सीरममध्ये होत्या. कोलेस्टेरॉलची टंचाई झाली की त्या एलडीएल रिसेप्टर वाढवतात, त्यामुळे रिसेप्टर कमी पडले असं म्हणता येईना.

पहिला संशय कणावर: तोच बिघडला असेल. तांब्याचा अंश जरी राहिला तरी एलडीएलचं ऑक्सिडेशन होतं. म्हणून प्लाझ्मात आणि डायलिसिसच्या बफरमध्ये धातू बांधून ठेवणारं ईडीटीए हवंच. एलडीएल वेगळं करताना घनता मिठाने 1.063 वर नेऊन नळी वेगाने फिरवतात, मग ते वर तरंगतं. या वेळी नळीतला एलडीएलचा थर नारिंगी-पिवळाच होता. ऑक्सिडेशन झालं की कॅरोटीन संपतं आणि रंग फिका पडतो. ऑक्सिडेशन झालेलं एलडीएल विजेच्या दाबाखाली आगारोज जेलवर जास्त पुढे सरकतं, पण तिथेही पट्टा पुढे पळालेला नव्हता. कण धड होता.

मग उरलं औषध. भरलेलं एलडीएल अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनात मिसळून 37 अंशांवर तासभर ठेवलं आणि 1.063 घनतेला पुन्हा फिरवलं. एलडीएल वर तरंगलं, औषध मात्र बरंचसं खाली अल्ब्युमिनपाशी सापडलं. पॅक्लिटॅक्सेल तेलात फारसं विरघळत नाही. त्यामुळे ते कोलेस्टेरिल एस्टरच्या गाभ्यात न शिरता बाहेरच्या फॉस्फोलिपिडच्या थरात लटकून बसतं आणि दुसरा आधार मिळाला की तिकडे उडी मारतं. म्हणजे रिसेप्टर अडवूनही ते पेशींत पोचू शकत होतं. भरल्यानंतर सुटं औषध गाळून काढायला वापरतात तो सेफाडेक्स जी-25 कॉलम हे पकडू शकत नाही. तो फक्त त्या क्षणी सुटं असलेलं औषध काढतो. कॉलमनंतरचा आकडा म्हणजे 'भरलेलं औषध' असं धरून चालणं हा या कामातला नेहमीचा फसवा भाग.

उपाय नवा नाही. साओ पाउलोत मारान्याँव यांच्या गटाने एलडीएलसारख्या कृत्रिम कणांसाठी पॅक्लिटॅक्सेलला ओलिक आम्ल जोडलं होतं. तेच जोडलेलं औषध, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल ओलिएट, भरल्यावर फिरवलेल्या नळीत औषध वरच्या थरातच राहिलं आणि स्पर्धेच्या वेलमध्ये आकडा खाली आला. मात्र ओलिएट पेशीत गेल्यावर एस्टरेज या विकराने तुटेपर्यंत औषध काम करत नाही. विषारीपणा 24 तासांवर मोजला तर ते निकामी वाटतं. 72 तासांवर मोजावं.