बाबांचं घर साडेछत्तीसला का दिलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाशिकच्या इंदिरानगरमधलं बाबांचं घर विकून वर्ष उलटलं, तरी कुणी ना कुणी भेटतंच आणि तोच विषय काढतं: "बेचाळीस लाख सांगत होतात, मग साडेछत्तीसला का दिलंत?" मावसबहिणीने लग्नाच्या पंगतीत विचारलं, भावाच्या पुण्यातल्या मित्राने फोनवर विचारलं. बाबांच्याच इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या काकांनी मात्र विचारलं नाही, सुनावलंच. "ताई, तुमच्या एका सहीने आमच्या सगळ्यांचा भाव पाडलात." याच काकांनी मला लहानपणी सायकल शिकवली होती. त्यांचं बोलणं फार लागलं. म्हणून एकदा आकड्यांसकट सगळं सांगून टाकते.

घर १९९८ सालचं. सातपूरच्या कारखान्यात नोकरी, पतपेढीचं कर्ज आणि आईच्या पाटल्या, यांतून बाबांनी ते साडेचार लाखांना घेतलं. दोन बेडरूम, तिसरा मजला, लिफ्ट नाही, खाली जागा फक्त स्कूटरपुरती. आई आधीच गेली होती. जानेवारी २०२२ मध्ये बाबा गेले. मृत्युपत्र नव्हतं, वारस आम्ही दोघंच. भाऊ पुण्याला स्थायिक, माझं सासर कॉलेज रोडला. गुढीपाडव्याला आम्ही घर विकायला काढलं.

बेचाळीस हा आकडा आला कुठून? पाथर्डी फाट्याकडे नव्या टॉवरचा फलक लागला होता, फुटाला ५,२०० रुपये. आमच्या दस्तात क्षेत्र ८२० फूट. इमारतीतल्या कुणीतरी गुणाकार केला, ४२ लाख ६४ हजार. तेव्हापासून जिन्यात, गच्चीवर, सगळ्यांच्या तोंडी बेचाळीस. मीही तोच आकडा धरून बसले. त्या टॉवरला दोन लिफ्ट आहेत, प्रत्येक घराला गाडीची जागा आहे, आणि ५,२०० हा बिल्डरने सांगितलेला भाव आहे, कुणी मोजून दिलेला नव्हे, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. पुढे बँकेच्या व्हॅल्युअरने टेप लावून मोजलं तेव्हा आमचं कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र, ६१० फूट भरलं.

पहिलं खरं गिऱ्हाईक गणपतीत आलं. अंबडच्या कारखान्यातला सुपरवायझर, सोबत बायको आणि वडील. त्यांनी साडेअडतीस लाख सांगितले आणि अनंत चतुर्दशीच्या आत इसार देतो म्हणाले, कारण नंतर पितृपक्ष लागत होता. भाऊ फोनवर म्हणाला, थांबू या, दसऱ्याला गिऱ्हाइकं वाढतात. मलाही ते पटलं. बाबांची आयुष्यभराची कमाई स्वस्तात गेली असं कुणी म्हणू नये, असं वाटत होतं. आम्ही नाही म्हटलं.

त्यानंतर सव्वादोन वर्षं गेली.

आमच्या नकळत काय घडत होतं ते मला नंतर कळलं. मे २०२२ च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्के होता, तो चढत चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर गेला आणि पुढची दोन वर्षं तिथेच राहिला. ७ टक्क्यांच्या आसपास मिळणारं गृहकर्ज पावणेनऊपर्यंत गेलं. ३० लाखांचं वीस वर्षांचं कर्ज धरा: हप्ता २३,२५० वरून २६,५०० झाला. आमच्यासारखं जुनं, लिफ्ट नसलेलं घर कोण घेतं? ज्याला नवं परवडत नाही तोच. पगार पस्तीस-चाळीस हजार असलेल्या त्या माणसाला महिन्याचे सव्वातीन हजार म्हणजे मुलाची शाळेची फी. तो भाव पाडून मागत नाही, तो येतच नाही. आपण घरी बसून म्हणतो, मंदी आहे पण भाव काही पडलेले नाहीत. खरंच पडत नाहीत. सांगायचे आकडे जिथल्या तिथे राहतात, फक्त सौदे होत नाहीत. आमच्या घराला २०२३ च्या दिवाळीपासून पुढच्या होळीपर्यंत एकही माणूस बघायला आला नाही. भाव बेचाळीसच होता.

त्या काळात घर रिकामं राहिलं तरी खर्च थांबला नाही. महिन्याचे हजार रुपये मेंटेनन्स, घरपट्टी, पाणीपट्टी, विजेचं किमान बिल. घराला रंग दिला, ४८ हजार. गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं, आमच्या वाट्याला ३५ हजार आले. सगळे मिळून सव्वा लाखाच्या आसपास गेले. पण मोठा खर्च दिसतच नव्हता. साडेअडतीस लाख साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तर वर्षाला अडीच लाख व्याज आलं असतं, महिन्याला जवळजवळ २१ हजार. सव्वादोन वर्षांचे ते साडेपाच लाखांच्या वर. शेवटी घर दोन लाख कमीने गेलं, तेही धरा. एकूण बेरीज नऊ लाखांच्या जवळ जाते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आमचं नुकसान साडेछत्तीसला देण्यात झालं नाही, साडेअडतीसला नाही म्हणण्यात झालं. भाड्याने तरी द्यायचं होतंत, असं बरेच जण म्हणतात. द्यायलाच हवं होतं. भाडेकरू असेल तर गिऱ्हाईक बिचकतं, या भीतीने दिलं नाही.

मधल्या काळात सौदा एकदा अगदी तोंडाशी येऊन मोडला, त्याचं कारण कागद. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाल्याचा महापालिकेचा जो पूर्णत्वाचा दाखला असतो, त्याची प्रत बाबांच्या फायलीत नव्हतीच. गिऱ्हाईक तयार, किंमत ठरलेली, बँकेने दाखला मागितला आणि आम्ही शोधत बसलो. त्यात बाबांनी बाल्कनी बंद करून माझ्यासाठी अभ्यासाची खोली केली होती, ती मंजूर नकाशात नाही. ज्या नाशिककरांनी घरांतल्या कपाटांच्या जागेच्या वादात इमारतींचे दाखले अडकलेले पाहिलेत, त्यांना या एका कागदाची किंमत सांगायला नको. आमचा दाखला हाती यायला चार महिने लागले, तोवर त्या लोकांनी अशोका मार्गाला दुसरं घर घेतलं. तुमचे आईवडील हयात असतील तर आजच त्यांच्याजवळ बसा आणि खरेदीखत, सूची दोन (नोंदणीचा उतारा), पूर्णत्वाचा दाखला, अपार्टमेंटचा डीड आणि घरपट्टीची शेवटची पावती एका पिशवीत घालून ठेवा. मृत्युपत्राचंही बोला. अवघड वाटतं, पण बोला.

कुंभमेळ्यापर्यंत थांबायला हवं होतं, असंही ऐकते. २०२७ चा सिंहस्थ येतोय, रस्ते होतील, नाशिक कुठल्या कुठे जाईल. मला नाशिकचा अभिमान आहे, ते वाढावं असं मनापासून वाटतं. पण २०१५ चा कुंभ मी पाहिलाय. बाहेरचा रिंगरोड झाला, त्याच्या कडेच्या जमिनींना मोल आलं, आमच्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्याला मात्र काही फरक पडला नाही. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली, तेव्हाही इमारतीत सगळ्यांनी आपापले भाव वाढवून सांगितले होते. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईच्या दाराशी आमण्यापर्यंत पूर्ण झाला, त्याचा उपयोग शहराला होईलच. मात्र अंबडला आठ तासांची पाळी करणारा माणूस समृद्धीवरून कामाला जात नाही. आमचं घर तोच घेणार होता. शिवाय कित्येक घरांत वडीलधारी माणसं अजूनही सिंहस्थात वास्तुशांत करू देत नाहीत, हे कुंभाच्या भरवशावर बसलेल्यांनी ध्यानात घ्यावं.

एकाने बेचाळीस द्यायची तयारीही दाखवली होती, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. त्यातले दहा लाख रोख. मी सरळ नाही म्हटलं. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो, हा कायदा. पण कायदा बाजूला ठेवला तरी, बाबांनी ज्या घराचा एकेक हप्ता पगाराच्या पावतीतून भरला, ते घर जाताना त्याची किंमत कागदावर खोटी लिहायची हे मला जमलं नसतं.

शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये भावाला बोलावून घेतलं आणि दोघं लॅपटॉप उघडून बसलो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, फुकट आहे. आमच्या गल्लीत वर्षभरात कुठलं घर कितीला नोंदलं गेलं ते आम्ही पाहिलं. आमच्यासारखी दोन घरं निघाली. एक ३५ लाख ८० हजारांना, दुसरं ३७ लाखांना. बेचाळीसच्या जवळपास एकही नाही. भाऊ बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आपण अडीच वर्षं कुणाच्या आकड्यावर बसलो होतो गं?" दुसऱ्या दिवशी एजंटला अडतीस सांगितले. तीन आठवड्यांत चार कुटुंबं येऊन घर बघून गेली.

ज्यांना दिलं ते जोडपं सिडकोत भाड्याने राहत होतं. साडेछत्तीसवर ठरलं. बँकेने ३० लाख दिले, बाकीची जुळवाजुळव त्यांनी सोनं मोडून आणि गावाकडून केली. घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं, म्हणजे मुद्रांक शुल्कात महिलेला मिळणारी एक टक्क्याची सवलत मिळाली, ३६,५०० रुपये वाचले. तेवढ्यात स्वयंपाकघराचा ओटा होईल असं ती म्हणाली. जुनं घर असल्याने जीएसटीचा प्रश्नच नव्हता. आणि एक गोष्ट मीच तिला सांगितली: २०१८ मध्ये महापालिकेने नव्या मिळकतींचे करयोग्य मूल्याचे दर बरेच वाढवले, त्यामानाने जुन्या घराची घरपट्टी हलकी जाते.

विक्रीच्या नफ्यावरच्या कराचंही विचारतात, म्हणून थोडक्यात. वारशाने आलेल्या घराला वडिलांची खरेदीची किंमत धरतात, आणि ती १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या तारखेचं बाजारमूल्य घेता येतं. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता साडेबारा. आमच्या घराला दोन्हींचं उत्तर जवळजवळ सारखंच आलं, चार लाखांच्या जरासं आत. भावाने त्याचा वाटा पुण्याच्या घरात घातला, त्याला सूट मिळाली. माझ्या वाट्याचा कर मी भरला.

आता जे विकायला बसलेत त्यांचा काळ आमच्यापेक्षा थोडा बरा आहे. २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला, हप्ते उतरले. पण त्याच वर्षी एप्रिलपासून नाशिक महापालिका हद्दीतले रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मालमत्तेच्या मूल्याचे, दर सरासरी ७.३१ टक्क्यांनी वाढले. तुमचा सौदा त्या सरकारी मूल्याच्या खाली ठरला तर मुद्रांक शुल्क मात्र त्या वरच्या आकड्यावर भरावं लागतं, आणि फरक दहा टक्क्यांपलीकडे गेला तर आयकरातही दोघांना त्रास. म्हणून घासाघीस करण्याआधी तो आकडा बघून घ्या.

राहता राहिले काका. त्यांना मी घरी जाऊन ई-सर्चवरच्या त्या दोन नोंदी दाखवल्या, माझ्या सहीच्या आधीच्या. त्यांनी चष्मा लावून नीट वाचल्या. "मला पण मुलाकडे जायचंय ताई," एवढंच बोलले. त्यांचं घर अजून बेचाळीसलाच आहे, आणि मला त्यांची काळजी वाटते. दोन्ही गुडघे गेलेत त्यांचे.

बाबा असताना पहाटे पावणेसहाला इमारतीची पाण्याची मोटर तेच लावायचे. ते गेल्यावर जिन्याखाली पाळ्यांचा कागद चिकटवला गेला. आमच्या घराची पाळी सव्वादोन वर्षं काकांनीच केली, अंधारात, कठड्याला धरून. हे मला व्यवहार झाल्यावर कळलं, कुणी बोललं नव्हतं. परवा त्यांचा फोन आला. घराच्या किमतीचा विषय काढतील वाटलं, तर म्हणाले, "ती तिसऱ्या मजल्यावरची मुलगी आहे ना, मोटर अगदी वेळेवर लावते. माझी पाळीही तीच करते आता."