अप्रेंटिसचा एक्सेल आणि तुटलेला टॅप

सोमवारी नवीन बॅच आली. आठ फिटर, तीन टर्नर, एक इलेक्ट्रिशियन. सगळे आयटीआय करून आलेले, निम्मे लातूर-बीडकडचे, दोघं बुलढाण्याचे, भोसरीत कॉट बेसिसवर राहतात. पहिल्या दिवशी दरवर्षी एकच प्रश्न येतो, सर परमनंट करतात का. मी खरं सांगून टाकतो, की अप्रेंटिस केली म्हणून कंपनीनं नोकरी द्यायलाच पाहिजे असं कायद्यात नाही, मागच्या तीन बॅचमधले पाच जण आम्ही घेतले, बाकीचे बाहेर लागले. तोंडं पडतात पोरांची. पण पहिल्या दिवशी पडलेली परवडतात, अकराव्या महिन्यात पडली की पोरगं कामावर यायचंच बंद होतं.

ट्रेनिंगचं काम माझ्या गळ्यात पडून आता सहा वर्षं झाली, त्याआधी चौदा वर्षं शॉप फ्लोअरवर होतो, आणि त्याच्याही आधी मी स्वतः फिटर अप्रेंटिस. त्यामुळं मला वाटायचं आपल्याला यातलं सगळं कळतं.

तर पहिल्या वर्षी मी एक एक्सेल शीट केली होती. काय सुंदर शीट होती राव. डावीकडं पोरांची नावं, वर ५२ आठवडे, प्रत्येक डिपार्टमेंटला वेगळा रंग, पहिला आठवडा सेफ्टी, मग बेंच, मग मशीन शॉप, असेंब्ली, मेन्टेनन्स, क्वालिटी, सगळ्यांना सगळीकडं फिरवून आणायचं. ऑडिटला आलेल्या माणसानं तिचा फोटो काढून नेला, आमचे साहेब खूश, आणि मी तर काय, त्या महिन्यात जमिनीवर पाय नव्हते माझे.

फ्लोअरवर मात्र पोरं झाडू मारत होती नाहीतर ट्रॉली ढकलत होती. शीटमध्ये निळ्या रंगात 'मशीन शॉप' लिहिलेलं आणि पोरगं मशीन शॉपमध्ये उभंही असायचं, म्हणजे शीट खोटी नव्हती. फक्त ते पोरगं तिथं करत काय होतं ते शीटमध्ये दिसत नव्हतं.

यात कंपन्यांची एक सवय आहे, ती मोकळेपणानं बोलली पाहिजे. अप्रेंटिस ॲक्ट १९६१ चा, २०१९ मध्ये त्याचे नियम बदलले, आता तीस किंवा जास्त माणसं असली की अप्रेंटिस घ्यावेच लागतात, अडीच टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांपर्यंत. आमच्याकडं कंत्राटी धरून १६० माणसं, म्हणजे कमीत कमी चार आणि जास्तीत जास्त चोवीस. आयटीआयवाल्याला त्या नियमांत किमान ७००० स्टायपेंड धरलेला. हा आकडा बघितला की काही जणांच्या डोक्यात लगेच गणित सुरू होतं, हेल्परपेक्षा स्वस्त पडतंय की! कायद्यात अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकणारा आहे, पण हे वाक्य डिस्पॅचची गाडी दारात उभी असली की कुणाला आठवत नाही.

आता टॅपची गोष्ट. टॅप म्हणजे होलाच्या आत आटे पाडायचं हत्यार. पंपाची कास्टिंग बॉडी होती, सगळं मशीनिंग झालेलं, शेवटी कव्हरसाठी चार होल मारून एम-८ चे, म्हणजे आठ मिलिमीटरच्या बोल्टचे आटे पाडायचे, बस. होल आरपार नाही, तळ बंद. लातूरकडचा एक पोरगा बेंचवर होता, शांत, कामाला बरा. तिसऱ्या होलात टॅप कट्ट करून आतच तुटला. ज्यानं कधी टॅप तोडलाय त्याला तो आवाज माहीत आहे, पोटात गोळा येतो. एचएसएसचा, म्हणजे कडक हाय स्पीड स्टीलचा टॅप, त्यात साधं ड्रिल जात नाही, बॉडी स्पार्क मशीनवाल्याकडं पाठवून टॅप जाळून काढायला लागतो, आणि कस्टमर दोन दिवसांपासून फोन करत होता.

सुपरवायझरनं पोराला सगळ्यांसमोर झापलं. पोरगं गेलं ते गायब, अर्ध्या तासानं मला स्टोअरच्या मागं सापडलं. चहा पाजला आणि विचारलं, एम-८ ला ड्रिल कितीचं लागतं? म्हणाला, ६.८ सर. बरोबर. तळ बंद असेल तर काय करायचं? मध्ये मध्ये टॅप बाहेर काढून भुकटी साफ करायची, आधी पहिल्या नंबरचा टॅप, मग दुसरा, मग तिसरा. सगळं बरोबर! मग तुटला कसा बाबा?

तर झालं असं की स्टँडवर ६.८ चं ड्रिल नव्हतंच. कुणीतरी म्हणालं साडेसहाचं आहे ते मार, काही होत नाही. होल बारीक, टॅपला ताकद जास्त लागायला लागली, हाताला कळत होतं की जड जातंय, तरी त्यानं रेटलं. मी म्हणलं, अरे मग काकांना विचारायचं ना, चार पावलांवर तर होते.

म्हणाला, विचारणार होतो सर, पण काकांचा काउंट चालू होता.

मी गप्पच झालो. काका म्हणजे आमचे जुने ऑपरेटर, सगळा फ्लोअर त्यांना काकाच म्हणतो. व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, त्यांना शिफ्टला ४२ नग काढायचे असतात, वर काढले तर इन्सेन्टिव्ह. माझ्या शीटमध्ये त्या पोराच्या नावापुढं 'मार्गदर्शक' म्हणून काकांचं नाव होतं. पण काकांच्या ४२ नगांत पोराला शिकवायचे मिनिट किती धरले होते? शून्य. म्हणजे मी ज्या माणसाचा वेळ वाटला होता त्याच्याकडं तो वेळ नव्हताच, आणि बावन्न आठवडे रंगवताना मला ते एकदाही सुचलं नाही. स्वतः ऑपरेटर राहिलेल्या माणसाला!

प्रॉडक्शन मॅनेजरकडं गेलो आणि म्हणलं ज्याच्याकडं नवीन पोरगं आहे त्या ऑपरेटरचं टार्गेट पहिले तीन आठवडे ४२ चं ३६ करा आणि इन्सेन्टिव्ह ३६ च्या वरून मोजा. ते म्हणाले, तू ट्रेनिंगला आहेस की माझं प्रॉडक्शन बुडवायला आलायस. पंधरा दिवस वाद चालला. शेवटी मी त्या बॉडीचा हिशोब त्यांच्या टेबलावर ठेवला, कास्टिंग, आधीचं सगळं मशीनिंग, स्पार्कवाल्याचं बिल, गाडीभाडं. एक महिना करून बघ म्हणाले. तो महिना अजून चालूच आहे.

त्यानंतर शीटचं स्वरूपच बदललं. आता मी आधी शिकवणारे लिहितो, मग पोरं. एकाकडं एका वेळी एकच पोरगं. आणि चांगला ऑपरेटर चांगला शिकवेलच असं काही नाही, काही जणांना वाटतं हा शिकला की आपली किंमत गेली. त्यांना मी जबरदस्ती करत नाही.

दुसरं म्हणजे पहिल्याच दिवशी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, हातात देतो. परवा १२.४६ ची पिन दिली होती, बारापैकी सात जणांनी चुकीचं रीडिंग सांगितलं, एकानं तर १२.२३ सांगितलं. म्हणजे जुळलेली रेघ तेविसावी हे त्यानं बरोबर ओळखलं, पण तिला ०.०२ नं गुणायचं राहिलं. हसू नका, आयटीआयमध्ये वीस जणांत दोन व्हर्नियर असले की असंच होणार. आमच्याकडं आता पहिले दहा दिवस रोज सकाळी पंधरा मिनिटं फक्त मापं.

लॉगबुक, म्हणजे रोजच्या कामाची वही, पोरं एकमेकांचं उतरवतात हे तर सगळ्यांना माहीत आहे. मी खाली एक ओळ वाढवली, 'आज काय चुकलं'. पहिले दोन महिने सगळ्यांचं 'काही नाही'. मग एका टर्नरनं लिहिलं, 'चक की चकमध्येच राहिली होती, मशीन चालू करायच्या आधी दिसली.' चक म्हणजे लेथवर जॉब पकडणारा, गरगर फिरणारा भाग आणि की म्हणजे तो आवळायची चावी. अंगावर काटा आला वाचून, ती की उडून कुणाच्या तोंडावर बसली असती तर संपलंच. त्याला रागावलो असतो तर पुन्हा कुणी काही लिहिलं नसतं. नाव न घेता दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं.

बाकी कटकटी आहेतच. पोलीस भरती निघाली की दोघंतिघं ग्राउंडच्या तयारीला जाणार, दिवाळीला गावी गेलेलं पोरगं चार दिवस उशिरा येणार, हे धरूनच चालतो. स्टायपेंडमधला सरकारचा १५०० पर्यंतचा हिस्सा २०२३ पासून थेट पोराच्या खात्यात येतो, त्यामुळं आधार बँकेला लिंक आहे का ते पहिल्या आठवड्यातच बघून घ्या, नाहीतर तुम्हाला पोरांचे फोन आणि पोरांना बँकेच्या चकरा.

काका सुरुवातीला म्हणायचे, मला नको बाबा पोरगंबिरगं, माझं माझं काम बरंय. सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आले, शीटवर नजर टाकली आणि म्हणाले, तो बुलढाण्याचा डावखुरा आहे ना, तो मला द्या. सकाळी बघितलं मी, त्यानं न सांगता बेंच पुसला.